काचेचं दार ढकला आणि आत जा : प्रदर्शनांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी मुंबईतल्या काळा घोड्याच्या आसपासच्या चित्रप्रदर्शनांवर पानभर लिहिलं होतं, त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअॅप आलेत की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला महिना जाईल. बऱ्याच जणांनी तेच तेच विचारलंय, म्हणून त्यातले काही प्रश्न इथे घेतेय. मी काही समीक्षक नाही, फोर्टात बँकेत २६ वर्षं नोकरी केली आणि लंच अवरला जवळच म्हणून जहांगीर आर्ट गॅलरीत जायला लागले, ती सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही, एवढंच माझं शिक्षण. तेवढ्यावर जे माहितीये ते सांगते.

ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ५४. गेल्या महिन्यात कुलाब्याला गेले होते तेव्हा एका गॅलरीचं काचेचं दार दिसलं. आत सगळं पांढरं, एक मुलगी लॅपटॉपवर बसलेली, दाराला बेल. मी दोन मिनिटं बाहेर उभी राहिले आणि परत फिरले. आत कोणालाही जाऊ देतात का? तिकीट असतं का? आणि काही घ्यायचं नसेल तर?

अशा गॅलरीत कोणालाही जाऊ देतात, आणि तिकीट नसतं. हे आधी सांगते कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हेच माहीत नाही आणि ती बाहेरूनच परत येतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

ती बेल तुम्हाला अडवायला नाही. आत लाखालाखांच्या वस्तू असतात आणि सांभाळायला दोनतीन माणसं, म्हणून दार लॉक ठेवतात. बेल वाजवायची, ती मुलगी आतून बटण दाबते, दार ढकलायचं, "बघायला आलेय" म्हणायचं, झालं. ती परत लॅपटॉपकडे बघायला लागली तर आपल्याला हिणवलं असं वाटून घेऊ नका, तिचं काम चालू असतं. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मात्र ती उठून येते, आणि माझा अनुभव असा की मराठीत विचारलं तरी येते. टेबलावर एक छापील कागद असतो, त्यात चित्रांची नावं, साल, माध्यम. तो मागून घ्या, फुकट असतो. घ्यायचं काही नसेल तर कोणी विचारतही नाही. रोज जेवढी माणसं येतात त्यातली विकत घेणारी एखादीच असते आणि हे गॅलरीवाल्यांनाही पक्कं माहीत असतं.

तरीसुद्धा पहिल्यांदा धाकधूक वाटत असेल तर सुरुवात जहांगीरपासून करा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, आणि गॅलरी व्हावी म्हणून त्यांच्या मागे लागणाऱ्यांमध्ये चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा होते. तिथे बेल नाही, दार उघडं असतं, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, आणि आत कॉलेजची मुलं, निवृत्त काका, ऊन लागलं म्हणून शिरलेले टुरिस्ट, सगळे असतात. तिथली मोठी गंमत म्हणजे चित्रकार स्वतः तिथेच बसलेला असतो. जहांगीरचे हॉल आठवड्याच्या हिशोबाने भाड्याने मिळतात आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे सांगली नाहीतर जळगावहून आलेला माणूस तो आठवडा सोन्यासारखा धरून बसलेला असतो. एकदा दुपारी दीडच्या सुमाराला मी गेले तर हॉलमध्ये कोणीच नाही, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर अभिप्रायाच्या वहीशेजारी स्टीलचा डबा उघडून चित्रकार पोळी खात होता. मला बघून गडबडीने डबा झाकायला लागला. मी म्हटलं जेवा हो सावकाश, मी आहे इथे. मग जेवून आला आणि प्रत्येक चित्रासमोर नेऊन सांगितलं, हा पिवळा कुठून आला, हे झाड गावातलं कुठलं, हा कॅनव्हास दोनदा पूर्ण पुसून परत का केला. अशी चाळीस मिनिटं कुठल्या तिकिटात मिळत नाहीत. त्यामुळे जहांगीरला गेलात की चित्रकाराशी बोला, आणि वहीत "छान" एवढंच लिहून निघू नका, कुठलं चित्र आवडलं तेवढं तरी लिहा, ती माणसं ती वही घरी नेऊन वाचतात.

मी नाशिकला इंजिनियरिंगला आहे. मित्रांबरोबर मुंबईला एक कंटेंपररी आर्टचा शो बघितला. एका खोलीत व्हिडिओ चालू होता, एका ठिकाणी पोती रचलेली. सगळे गंभीर चेहरे करून बघत होते आणि मला काहीच कळलं नाही. हे आर्ट कसं? की मलाच अक्कल नाही?

अक्कल आहे म्हणून तर प्रश्न पडला. आणि सगळं कळायलाच पाहिजे असं नाही, मलाही दहातले चार शो काहीच देत नाहीत आणि त्यातले दोन खरंच पोकळ असतात असं माझं मत आहे. पण बाकीच्या सहांसाठी जाते.

आपल्याकडे मांडणशिल्प म्हणतात ना, म्हणजे वस्तू मांडून केलेली कलाकृती, त्याची एक गोष्ट सांगते. शिल्पा गुप्ता या मुंबईच्या कलावंत, त्यांचं एक काम आहे, साबणाच्या वड्यांचं. हजारो वड्या विटांसारख्या रचून केलेली जवळजवळ भिंत, आणि प्रत्येक वडीवर इंग्रजीत धमकी या अर्थाचा शब्द ठसवलेला. आणि बघणाऱ्यांनी त्यातली एक वडी घरी घेऊन जायची. आता विचार कर, घरी नेलीस, मोरीत ठेवलीस, आई रोज हात धुते, आठवड्याभरात तो शब्द पुसट होत जातो, पंधरा दिवसांनी नुसता साबण राहतो आणि मग तोही नाही. आणि तिकडे लोक एकेक वडी नेतायत तशी ती भिंत कमी कमी होत जाते. आता हे कळायला तुला कला शिकायला लागली का? नाही. फक्त साबण म्हणजे काय ते माहीत असायला लागलं, आणि भीती म्हणजे काय ते. तेलरंगात हेच काढलं असतं तर हातात आलं नसतं, म्हणून साबण. पोती का, व्हिडिओ का, हा प्रश्न तिथे उभं राहून स्वतःला विचारायचा, की याच वस्तूत का केलं असेल, दुसऱ्या कशात का नाही. उत्तर सापडलं तर काम आपोआप उघडतं आणि बराच वेळ थांबूनही नाहीच सापडलं तर पुढे जायचं, त्यात लाज कसली.

प्रभाकर पाचपुते यांचं उदाहरण घे, चंद्रपूरजवळच्या सास्ती गावचे. त्यांच्या घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत गेल्या. ते कोळशानेच काढतात, कितीतरी वेळा थेट गॅलरीच्या भिंतीवर, माणसांच्या डोक्याच्या जागी दिवा नाहीतर खाणीतलं एखादं यंत्र. आणि भिंतीवर काढलेलं असल्यामुळे शो संपला की त्यावर चुना फिरतो, भिंत परत पांढरी. जमीन खाणीत गेलेल्या माणसाने कोळशाने काढायचं आणि ते पुसलं जायचं, हे विदर्भातल्या कोणाला समजावून सांगावं लागेल असं मला वाटत नाही. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं आणि २०२१ मध्ये वेल्समधलं आर्टेस मुंडी पारितोषिक त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या पाच जणांना मिळून मिळालं, वेल्स म्हणजे परत खाणकामगारांचाच मुलूख.

बघायची माझी पद्धत सांगते, पटली तर घे. आधी भिंतीवरचा मजकूर वाचत नाही. सगळ्या हॉलमधून एक भरभर चक्कर मारते, आठवडी बाजारात आधी भाव बघत फिरतात तशी, आणि मग जिथे पाय अडकला तिथे परत जाऊन दहा मिनिटं थांबते. घड्याळ लावून दहा. तिसऱ्या चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, तो येऊ द्यायचा, त्यानंतर दिसायला लागतं. गायतोंडेंच्या चित्रांनी मला हे शिकवलं. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४ नागपूरचा, घर मूळ गोव्याचं, लहानपण गिरगावातल्या चाळीत, आणि त्यांच्या चित्रात ना माणूस ना झाड, फक्त रंगाचा एक विस्तार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला नुसतं हिरवट काहीतरी दिसलं होतं. थांबल्यावर दिसलं की त्याच्या खाली अजून एक रंग आहे, त्याच्याखाली अजून एक, जुन्या भिंतीचा पोपडा निघाल्यावर दिसतात तसे, कारण ते रोलरने रंग चढवायचे, पॅलेट नाइफने काढायचे, वर्तमानपत्राचे कपटे लावून रंग उचलून घ्यायचे. फोटोत हे काहीच येत नाही. फोनवर बघून "यात काय एवढं" म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, फक्त म्हणते एकदा समोर जाऊन उभे राहा.

प्रदर्शनात फोटो काढले तर चालतं का? (बोरिवली)

बहुतेक ठिकाणी चालतं, फ्लॅश मात्र नाही. तरी विचारून काढा. आणि आधी बघा मग काढा, उलटं केलं की बघायचं राहूनच जातं.

आमच्याकडे ८ आणि ११ वर्षांची दोन मुलं आहेत. म्युझियममध्ये नेलं की दहा मिनिटांत "चला ना" सुरू होतं. कुठे न्यावं? (ठाणे)

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेला लागूनच आहे त्यामुळे पेंग्विनचं आमिष दाखवता येतं, आणि इमारत अशी की मुलं आत शिरल्या शिरल्या मान वर करतात, हिरवा सोनेरी रंग, लोखंडी खांब, नक्षीचं छत. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे शहरातलं सगळ्यात जुनं संग्रहालय, मधे फार वाईट अवस्था झाली होती, मग दुरुस्त करून २००८ मध्ये परत उघडलं. तिथे जुन्या वस्तूंच्या मध्येच आजच्या कलावंतांची कामं मांडायची पद्धत त्यांनी पाडली, जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी अशांचे शो तिथे झालेत. मुलांना त्यात खेळ सापडतो, जुनं कुठलं आणि आत्ताचं कुठलं ते ओळखायचं. पाट्या मराठीतही आहेत. बुधवारी बंद असतं, ते लक्षात ठेवा, मी एकदा भाचीला घेऊन बुधवारीच गेले होते.

आणि मुलांना सगळं दाखवायचा हट्ट करू नका. एका फेरीत तीन वस्तू. माझी भाची एका काचेच्या कपाटासमोर मातीच्या छोट्या बाहुल्या बघत वीस मिनिटं बसली, साधू, न्हावी, भिस्ती, एकेकाची पगडी वहीत काढत. बाकी मजला आम्ही बघितलाच नाही, आणि पुढच्या सुट्टीत तिनेच परत न्यायला लावलं.

पेपरात वाचलं की हुसेन यांचं चित्र ११८ कोटींना गेलं. हे सगळं श्रीमंतांचं काम आहे, आपल्यासारख्यांनी तिथे जाऊन काय करायचं? (पुणे)

काका, तुमचा राग मला समजतो. ते चित्र १९५४ चं, ग्रामयात्रा, मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गेलं. पण त्याआधी कित्येक दशकं ते ओस्लोच्या एका हॉस्पिटलच्या भिंतीवर होतं, किंमत काय याचा कोणाला फारसा पत्ता नव्हता, आणि चित्र तेव्हाही तेच होतं, तेवढंच चांगलं होतं. आणि हुसेन स्वतः मुंबईत आले तेव्हा सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते. किंमत ही बाजाराची गोष्ट आहे, बघणं ही आपली. ११८ कोटी देणारा चित्राचा मालक होतो, पण तेच चित्र कुठे प्रदर्शनात लागलं की त्याच्यासमोर उभं राहायचे तुमचे आणि त्याचे पैसे सारखेच.

आणि खरंच घ्यायचं असेल तर आपल्या आवाक्यातलंही मिळतं. जहांगीरच्या बाहेर फूटपाथवर चित्रकार बसतात, तिथे हजार दोन हजारांपासून चांगली रेखाटनं बघितलीयत मी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं, सीएसएमटीपासून चालत पाच मिनिटं, तिथे मुलं स्वतः उभी असतात आणि पहिलं चित्र विकलं गेलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. प्रिंट घ्यायची असेल, म्हणजे लाकडाच्या नाहीतर धातूच्या पत्र्यावरून हाताने काढलेले छाप, तर खाली पेन्सिलने ३/१० असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. एकच मूळ चित्र घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय असं समजा.

सगळ्या प्रदर्शनांतला मजकूर इंग्रजीत का असतो? एका मोठ्या खाजगी गॅलरीत मी मराठीत प्रश्न विचारला तर तिथला माणूस इंग्रजीतच बोलत राहिला. मला इंग्रजी वाचता येतं, पण त्या भिंतीवरचं इंग्रजी मलाही कळत नाही. (गिरगाव)

हे पत्र वाचून मला गप्प बसवेना. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि मला हे वर्षानुवर्षं खटकतंय. ज्या शहरात गायतोंडे वाढले, जिथे चित्रकार प्रभाकर बरवे चित्रावर मराठीत इतकं सुंदर लिहून गेले, तिथे एक पान मराठी मजकूर छापायला काय जातं? आणि त्या इंग्रजीबद्दल म्हणाल तर ते इंग्रजीवाल्यांनाही कळत नाही, मी विचारलंय. तो मजकूर कळला नाही म्हणून चित्र कळलं नाही असं बिलकुल समजू नका.

२०१९ च्या शेवटी एनजीएमए या सरकारी आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे काळा घोड्याच्या म्युझियमसमोरच्या त्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. पटवर्धन म्हणजे ठाण्यात तीसेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केलेला माणूस, चित्रकला स्वतःची स्वतः शिकले, आणि काढलं काय तर आपलंच सगळं, इराण्याचं हॉटेल, लोकलमधले थकलेले चेहरे, गिरण्या जाऊन टॉवर येताना मधे अडकलेली वस्ती. त्या गोल जिन्याने मी वर जात होते, पुढे दोन बायका, बहुतेक कळव्याच्या नाहीतर मुंब्र्याच्या, एका मोठ्या चित्रासमोर थांबल्या. एकीने बोट न टेकवता हवेतच दाखवलं, "हा बघ, हा कसा उभाय, पाय दुखतायत त्याचे." मी बघितलं. खरंच, त्या माणसाचा एक गुडघा किंचित वाकलेला, सगळा भार दुसऱ्या पायावर, आणि पाठीचा रंग शर्टापेक्षा जड, मातकट. मी त्या चित्रासमोर आधी पाच मिनिटं उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं. रोज संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर तसं उभं राहणाऱ्या बाईला ते एका नजरेत दिसलं. शेजारच्या इंग्रजी मजकुरात त्या पायाबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणून मराठीत विचारत राहा. अभिप्रायाची वही असेल तर मराठीत लिहा, आणि मराठी मजकूर का नाही हेही त्यातच लिहा, मी दर वेळी लिहिते. सरकारी आणि पालिकेच्या ठिकाणी तर तो आपला हक्कच आहे. खाजगी गॅलऱ्यांना पत्र लिहिलं तर निदान एकीने तरी मला उत्तर पाठवलं होतं की पुढच्या शोला बघतो, आणि पुढच्या शोला दोन पानी मराठी पत्रक होतं. भाषांतर जरा अवघडलेलं होतं पण होतं.

मी लातूरचा. कामासाठी मुंबईत येतो, रात्रीची गाडी सीएसएमटीवरून, दुपारी चारपाच तास मोकळे असतात. काय बघू?

वार बघून ठरवा. सोमवारी एनजीएमए बंद, कुलाबा फोर्टातल्या खाजगी गॅलऱ्या रविवारी आणि बऱ्याचदा सोमवारीही बंद, म्हणून मंगळवार ते शनिवार असेल तर उत्तम. सामान स्टेशनवर क्लोकरूममध्ये टाका आणि डी. एन. रोडने सरळ चालत निघा, मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन झालंय पण मी म्हणेन चालाच, कमानींखालून सावली असते. वाटेत प्रेस्कॉट रोडला क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड. ही गॅलरी केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली, मूळ धंदा चित्रांच्या फ्रेमा बनवायचा, नावही त्या कंपनीचंच. २००७ मध्ये इथे हलली. खालून गॅलरी आहे असं वाटतच नाही, पण वर मोठा उजेडाचा हॉल आहे. तिथे अर्धा तास.

मग काळा घोडा, एनजीएमए आधी करा कारण ते लवकर बंद होतं, वीसेक रुपयांचं तिकीट काढा आणि थेट वरच्या घुमटापर्यंत जाऊन खाली उतरत या, उलटं केलं तर दमायला होतं. शेवटी जहांगीर, सातपर्यंत. पूर्वी आत समोवार नावाचं कॅफे होतं, चहा आणि पराठे घेऊन तासभर बसता यायचं, ते २०१५ मध्ये बंद झालं आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. आता बाहेर येऊन पायऱ्यांवर बसा. समोर फूटपाथवरचे चित्रकार साधारण त्याच वेळी आपली चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळत असतात, त्यातला कोणीतरी तुमचं पोर्ट्रेट काढू का विचारेल. वेळ असेल तर हो म्हणा, पंधरावीस मिनिटं लागतात, आणि गुंडाळी करून रबर लावून देतात त्यामुळे गाडीत चुरगळत नाही.